कोंबडी पेंगतेय, बदक मान उचलत नाही: डॉक्टरांकडे पोचण्याआधीचा एक तास

जानेवारी २०२५मध्ये उदगीरला कावळे मरून पडले, उरणजवळ चिरनेरला कोंबड्या दगावल्या आणि बर्ड फ्लूची बातमी आली की दरवेळी होतं तेच झालं. परसात चार-सहा कोंबड्या पाळणारी माणसं धास्तावली. एखादी जरा कोपऱ्यात गप्प बसली की फोनाफोनी सुरू: हा तोच रोग का? हिला हात लावायचा का? आणि मुळात कोंबडीला दाखवायला डॉक्टर असतो का?

बर्ड फ्लूकडे शेवटी येऊ. घरच्या कोंबड्या-बदकांवर येणारी बरीचशी संकटं त्याहून साधी असतात. कुत्र्याचा चावा, मे महिन्याचं ऊन, अडलेलं अंडं, गिळलेली तार. यात पक्षी वाचतो की जातो, हे पुष्कळदा दवाखाना गाठण्याआधीच ठरून जातं. मोठ्या फार्मवर एका पक्ष्यामागे कुणी धावत नाही, तो धंद्याचा हिशोब झाला. हा लेख ज्यांच्या कोंबडीला नाव आहे त्यांच्यासाठी.

"काल तर चांगली होती!"

काल ती चांगली दिसत होती, एवढंच. कोंबडी काय, बदक काय, दोघंही दुसऱ्याच्या तोंडचा घास. थव्यात जो मागे पडतो त्याच्यावर शिकरा झडप घालतो, आणि त्याच्या आधी घरच्याच कोंबड्या दुबळीला टोचून काढतात. त्यामुळे अंगात ताकद आहे तोवर आजार दाखवायचा नाही, ही त्यांची जन्मजात रीत. आजारी कोंबडी इतरांबरोबर दाण्यापाशी येते, चोच मारते, पण गिळत नाही. आपल्याला वाटतं, खातेय की.

म्हणून ती पिसं फुलवून, पंख सोडून, डोळे मिटून उभी दिसते तेव्हा आजाराची सुरुवात समजू नये. बहुतेक वेळा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. गाईच्या बाबतीत "उद्या सकाळपर्यंत बघू" चालून जातं, इथे ती सकाळ उगवेलच असं नाही.

लपवलेला आजार पकडायची एक सोपी जागा आहे. कोंबडीच्या छातीच्या वरच्या बाजूला, तिच्या उजव्या अंगाला, अन्नपिशवी असते. दिवसभर टिपलेले दाणे आधी तिथे साठतात. संध्याकाळी ती भरलेली लागते आणि रात्रीतून रिकामी होते. पहाटे खुराडं उघडल्यावर, दाणे टाकायच्या आधी, तिथे बोटांनी चाचपा. पिशवी सपाट लागली तर ठीक. घट्ट गोळा लागला, किंवा पाणी भरल्यासारखी डुबडुबली आणि तोंडाला आंबट वास आला, तर अन्न पुढे सरकत नाहीये. तसंच छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंचं मांस ओसरून हाड धारेसारखं लागत असेल तर हे दुखणं कालचं नव्हे, निदान काही आठवड्यांचं आहे. डॉक्टरांना ही माहिती लाखमोलाची असते.

छाती दाबू नका, उलटी धरू नका, पाणी पाजू नका

घाबरलेला माणूस नेमक्या याच तीन गोष्टी करतो. त्या का करू नयेत हे कळायला पक्ष्याचा श्वास समजून घ्यावा लागतो.

आपल्या छातीखाली स्नायूचा पडदा असतो, तो खाली ओढला गेला की फुप्फुसं फुगतात. कोंबडीत असा पडदा नाही, आणि तिची फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली असल्यामुळे फुगतही नाहीत. हवा आत-बाहेर खेळवायचं काम अंगभर पसरलेल्या पातळ पिशव्या करतात. त्यांना वायुकोश म्हणतात आणि कोंबडीत ते नऊ असतात. लोहाराचा भाता आठवा. भाता हलायला दांडा वर-खाली व्हावा लागतो, आणि कोंबडीत तो दांडा म्हणजे छातीचं हाड. दर श्वासाला ते हाड पुढे-खाली सरकलं पाहिजे. पोराने प्रेमाने छातीशी घट्ट कवटाळली तरी भाता बंद पडतो. गळ्याला हातही न लावता कोंबडी गुदमरते.

पाय बांधून, उलटी लटकवून बाजारात नेण्याची रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे की त्यात काही वावगं वाटत नाही. पण उलटं धरलं की आतडी-यकृताचा भार त्या पातळ पिशव्यांवर येतो. धडधाकट पक्षी ते सोसतो. आजारी पक्षी वाटेतच जातो, आणि आपण म्हणतो, दवाखान्यापर्यंतही टिकली नाही.

आता पाणी. कोंबडीची चोच उघडून बघा. जिभेच्या बुडाशी एक लहानशी फट उघडमीट करताना दिसेल. ती श्वासनळी. माणसाच्या श्वासनळीवर असतं तसं झाकण तिच्यावर नसतं. धडधाकट पक्षी गिळताना ती फट आवळून घेतो, पेंगणाऱ्या पक्ष्याला तेवढंही जमत नाही. चमच्याने किंवा ड्रॉपरने घातलेलं पाणी थेट तिथून आत जातं. मरायला टेकलेल्या कोंबडीच्या तोंडात पाणी घालायची आपली भावना चांगली, पण त्या पाण्यानेच ती दगावू शकते. पाणी उथळ वाटीत समोर ठेवा. फार तर चोचीचं टोक ओलं करा. ती आपण होऊन प्यायली तरच पुढची गोष्ट.

डॉक्टर सलाईन शिरेतून, कातडीखाली किंवा हाडात सुई घालूनही देऊ शकतात. पण हाडही जाणून निवडावं लागतं. पंखाचं वरचं हाड पोकळ असून श्वसनाच्या हवेशी जोडलेलं असतं. त्यात सलाईन सोडलं तर पक्षी आतल्या आत बुडेल. म्हणून युट्यूब बघून सुई टोचायच्या फंदात पडू नये.

मग करायचं काय?

फार थोडं. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, बाजूंना भोकं पाडा, तळाशी जुनं कापड किंवा गोणपाट घाला. कोंबडीचे दोन्ही पंख अंगाशी मिटून, खालून आधार देऊन उचला आणि आत ठेवा. वरून फडकं. अंधारात ती शांत होते, धडपड थांबते, श्वास सावरतो. बाकीच्या कोंबड्यांपासून लांब ठेवा, म्हणजे टोचणं थांबेल आणि रोग असलाच तर पसरणार नाही.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा चार अंश जास्त. आजारात ते टिकवायलाच तिची सगळी ताकद खर्च होते. म्हणून पावसाळ्यात, थंडीत ऊब द्या. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको झालं तर तिला सरकता येईल.

रक्त वाहत असेल तर मात्र आधी ते थांबवा. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात रक्त असतं सुमारे शंभर मिलीलिटर. त्यातलं वीस-पंचवीस गेलं तरी जीव धोक्यात. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून पाच मिनिटं दाबून धरा. मध्येच उचलून बघायचा मोह आवरा, धरलेली गुठळी तेवढ्यात सुटते. नख किंवा चोचीचं टोक मोडलं असेल तर कॉर्नफ्लोअर किंवा हळद दाबली तरी चालते. खोल जखमेत मात्र हळद भरू नका. ती धुऊन काढण्यात डॉक्टरांचा वेळ आणि पक्ष्याचा जीव जातो.

खुडूक आहे की अंडं अडलंय?

नव्याने पाळणाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण दोघीही पिसं फुलवून बसतात आणि खात नाहीत.

खुडूक कोंबडी बसते ती तोऱ्यात. जवळ गेलात तर चिडते, हाताला टोचते, अंगाचा पसारा करते. दिवसातून एखाद-दुसऱ्यांदा उठते, घाईने खाते-पिते, भलीमोठी वासट विष्ठा टाकते आणि परत जागेवर. तिला डॉक्टर नको.

अंडं अडलेली कोंबडी हलत्या शेपटीवरून ओळखावी. शेपूट खाली झुकलेली आणि दर श्वासाला वर-खाली होत असते. ती उभी राहते, जोर करते, पुन्हा बसते, चालताना फेंगडी चालते. मागच्या बाजूला, दोन पायांमध्ये पोट ताठ लागतं. एक अंडं तयार व्हायला सुमारे पंचवीस तास लागतात, त्यातले वीसेक नुसतं कवच चढायला. त्या कवचासाठी सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम रोज लागतं. ते खाण्यातून मिळालं नाही तर हाडांतून ओढलं जातं. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की अंडं ढकलणारा स्नायू आकसत नाही आणि अंडं जागीच राहतं. पहिल्यांदाच अंड्यावर आलेली तलंग, नाहीतर वय झालेली कोंबडी, यांना हा धोका जास्त.

टबात कोमट पाणी घेऊन तिला पंधरा-वीस मिनिटं बसवा, पाणी पोटापर्यंतच. मग कोरडी करून उबेत, अंधारात ठेवा. काही वेळा एवढ्यावर सुटका होते. दोन-तीन तासांत अंडं आलं नाही किंवा ती मलूल होत चालली, तर निघा. डॉक्टर एक्स-रे काढतील, कॅल्शियमचं इंजेक्शन देतील. पोट दाबून अंडं बाहेर काढायला जाऊ नका. आत फुटलं तर कवचाच्या कपच्या आतली त्वचा कापतात आणि बलक पोटात पसरून संसर्ग होतो. मागून लाल मांसल गोळा बाहेर आलेला दिसला तर तो स्वच्छ ओल्या कापडाने झाका आणि तिला ताबडतोब वेगळी करा. लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्या तिथे टोचून अक्षरशः आतडी ओढतात.

आता हे टाळायचं कसं, तर वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा ठेवून. ज्या कोंबडीला लागेल ती तेवढा खाते.

"लहानशीच जखम आहे, भरून येईल"

मांजराने किंवा कुत्र्याने धरलेल्या कोंबडीबद्दल असं कधीच म्हणू नका. दात बारीक भोक पाडतात, त्यावर पिसं बसतात, वरून काही दिसत नाही. पिसांवर फुंकर मारा, ती बाजूला होतात आणि खालची कातडी दिसते. कातडीवर बोट दाबल्यावर खाली चुरचुर लागली तर एखादा वायुकोश फाटून हवा कातडीखाली शिरली आहे. मांजराच्या तोंडातले जंतू पक्ष्याच्या रक्तात गेले तर एक-दोन दिवसांत जीव घेतात. म्हणून जखम केवढी का असेना, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची. उन्हाळा-पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की एका दिवसात अळ्या पडतात, तेही लक्षात असू द्या.

उन्हाचा झटका

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते, बस्स, एवढेच तिचे उपाय. विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या खुराड्यातली कोंबडी दुपारी दोन वाजता उभी कोसळू शकते. तिला सावलीत आणा, पाय, तुरा आणि छातीखालचा भाग साध्या माठाच्या पाण्याने ओला करा, वारा घाला. बर्फाचं पाणी नको. त्याने कातडीच्या शिरा आवळतात आणि उष्णता आतच कोंडते. ऊब द्या असं वर म्हटलंय ते इथे लागू नाही, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

बदकाचं दुखणं वेगळं

बदक म्हणजे पाण्यातली कोंबडी, असं समजून पाळणारे फसतात.

एक, बदकाला पायांना धरून उचलायचं नाही. त्याचे पाय शरीराच्या मानाने नाजूक, सांधा निखळतो किंवा हाड मोडतं. पंख मिटून दोन्ही हातांनी अंग उचलायचं.

दोन, बदक चिखलात चोच घालून जे लागेल ते गिळतं. तारेचे तुकडे, खिळे, वॉशर, गळाला लावायचं शिसं. जस्त आणि शिसं पोटातल्या आम्लात विरघळतं आणि विषबाधा होते. बदक हिरवं हगायला लागतं, वजन उतरतं, पायातलं बळ जातं. एक्स-रेमध्ये धातू ठळक दिसतो आणि त्यावर औषधं आहेत, पण वेळेत गेलात तर. घराचं बांधकाम चालू असताना बदक मोकळं सोडणं म्हणजे हे दुखणं बोलावून आणणं.

तीन, उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात काही मेलेलं कुजत असेल तर त्यात बोट्युलिझमचं विष तयार होतं. बदकाचे आधी पाय लुळे पडतात, मग पंख, मग मान. मान टाकलेलं बदक पाण्यात राहिलं तर बुडून मरतं, होय, बदकसुद्धा. ते बाहेर काढा, मानेखाली कापडाची गुंडाळी द्या.

चार, बुरशी. १९६०मध्ये इंग्लंडमध्ये टर्की आणि बदकांची पिल्लं मोठ्या संख्येने मेली. शोध घेतल्यावर दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीचा. तिच्यातल्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव त्यानंतर पडलं. बदकाची पिल्लं या विषाला फार हळवी. पावसाळ्यात ओल लागलेला मका किंवा पेंड "फेकायची कशाला" म्हणून बदकांना घालू नका.

"पण आमच्याकडचे डॉक्टर गाई-म्हशींचे"

ही अडचण खरी आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गर्दी असते ती गुरांची, शहरातल्या खासगी क्लिनिकमध्ये कुत्र्या-मांजरांची. पण पशुवैद्यकाच्या पदवीत कुक्कुट हा विषय असतोच. फरक सरावाचा. म्हणून संकट येण्याआधी एका निवांत दुपारी फोन करून विचारून ठेवा: तुम्ही कोंबडी बघता का? रात्री बघता का? एक्स-रे आहे का? तुमच्याकडे नसेल तर कुणाकडे पाठवाल? हे पाच मिनिटांचं काम आहे आणि या सगळ्या लेखातलं सगळ्यात उपयोगाचं.

सरकारी फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालयं परळ, शिरवळ, परभणी, उदगीर आणि नागपूरला आहेत. तिथल्या रुग्णालयांत पक्षीही तपासले जातात. डॉक्टर नोंदणीकृत आहेत ना, एवढं मात्र बघा. औषधाच्या दुकानात उभं राहून घेतलेला सल्ला म्हणजे उपचार नव्हे.

"तीनशेची कोंबडी, हजाराचं बिल?"

हा प्रश्न विचारण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. प्रत्येक पक्ष्यावर शस्त्रक्रिया करावी असं माझंही म्हणणं नाही. फार त्रासात असलेल्या, वाचण्यासारख्या नसलेल्या पक्ष्याला डॉक्टरांच्या हातून शांतपणे सोडवणं हाही उपचारच. पण एकीचं निदान झालं की उरलेल्या पाचांचं काय करायचं ते कळतं, हिशोब तिथे बदलतो. कोंबडी मेलीच तर शवविच्छेदन करून घ्या. ती पिशवीत घालून बर्फावर ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठलेल्या पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याला काही दिसत नाही.

पैसे वाचवायला घरातली गोळी देणं मात्र महागात पडतं. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने गिधाडं संपत आली म्हणून जनावरांसाठी ते औषध आपल्याकडे २००६मध्ये बंद झालं. कोंबडीच्या मूत्रपिंडालाही ते बाधतं. मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिकही देऊ नका. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक २०१९पासून खाद्य-पशुपक्ष्यांसाठी बंद आहे ते याच कारणाने, की जंतू औषधाला दाद देईनासे झाले तर माणसांसाठी राखलेलं शेवटचं हत्यारही बोथट होतं. शिवाय तुमची लाडकी कोंबडी अंडी देते आणि ती तुम्ही खाता. अंड्यातला बलक आठ-दहा दिवस भरत असतो, त्यात औषध उतरतं. कुठलंही औषध दिलं की डॉक्टरांना विचारा, किती दिवस अंडी खायची नाहीत.

एकीऐवजी चार पेंगल्या तर

इथे आतापर्यंतचे सगळे नियम उलटे होतात. एक आजारी असेल तर तिला घेऊन दवाखान्यात जायचं. एक-दोन दिवसांत तीन-चार गेल्या, तर कुठेही न्यायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

मान वाकडी होणं, गोल फिरणं, हिरवी हगवण ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणं. झाल्यावर औषध नाही, आधी लस आहे. पहिली लासोटा, पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला. अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांचे डोस असतात आणि कालवलेली लस दोन-एक तासांत संपवावी लागते. तुमची पिल्लं सहा. मग आळीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवून पिल्लांना लस देऊन घेणं शहाणपणाचं.

तुरा आणि गलोल (चोचीखालची लोंबती कातडी) निळे पडणं, डोकं सुजणं, लक्षणं दिसायच्या आतच मरणं, यावरून बर्ड फ्लूचा संशय येतो. पण नुसत्या डोळ्यांनी तो राणीखेतपासून वेगळा काढता येत नाही. खात्री होते ती भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत. बदकं तर हा विषाणू काही दिसू न देता बाळगू शकतात. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबारच्या नवापुरातला, आणि आताची पद्धत अशी: रोग नक्की झाला की एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी मारले जातात, दहा किलोमीटरपर्यंत पाळत राहते. नाव ठेवलेली कोंबडीही त्यातून सुटत नाही, आणि म्हणूनच लोक लपवतात.

लपवण्यात तोटा आपलाच. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९च्या कायद्याप्रमाणे असा रोग कळवणं मालकावर बंधनकारक आहे. नुकसानभरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, कळवण्याआधी मेलेल्यांची नाही. फोन करेपर्यंत मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, पोरांना परसात सोडू नका. उरलेले कोंडून ठेवा, आणि खुराड्यात घातलेल्या चपला घरात न आणता दाराबाहेरच ठेवा.